औंधची चित्रं आणि पटवर्धनांची माणसं

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला निघालेल्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही, ते बरंच झालं. पुढच्या दांड्याला धरून एक बाई उभ्या होत्या. मनगटात हिरव्या बांगड्या, दंड ताठ, सगळा भार डाव्या पायावर. उभं राहण्याची ही ढब मी आधी चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत पाहिली, मग एसटीत ओळखायला लागलो.

पटवर्धनांचा जन्म १९४९चा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ते डॉक्टर झाले आणि २००५पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते. चित्रकला स्वतःच शिकले. वर्षानुवर्षं एक्स-रे बघणाऱ्या नजरेला कातडीखालचं सगळं ठाऊक असणार, असं मला त्यांच्या कामगारांचे खांदे आणि माना बघताना हटकून वाटतं. ही माणसं देखणी नाहीत, पण बिचारीही नाहीत. १९७७च्या ‘इराणी रेस्टॉरंट’पासून २००१च्या ‘लोअर परळ’पर्यंत येता येता चौकट मोठी होत जाते, शहर माणसाला वेढत जातं. १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख या चित्रकारांसोबत तेही होते. नुसत्या रंग-आकारांच्या अमूर्त चित्रांचा दबदबा असताना या मंडळींनी माणूस आणि त्याची गोष्ट ठामपणे चित्रात आणली.

“कुठं निघालास बाळा?” शेजारच्या आज्जींनी विचारलं.

“औंधाला. चित्रं बघायला.”

“मग आधी यमाईला जाऊन ये की. वाटंतच हाय तुझं म्युझियम.”

खरंच, भवानी संग्रहालय यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावरच आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. राजा असून हा माणूस स्वतः चित्रं काढायचा, रामायणाची मालिका त्यांनीच रंगवली. राजा रविवर्म्यांच्या नायिकांसमोर मी बराच वेळ उभा होतो. जरीचा काठ बोट लावून बघावा इतका खरा, पण त्या बायकांच्या पावलांखाली जमीन दबत नाही. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पात मात्र वजन आहे. पटवर्धनांच्या माणसांशी त्याचं नातं मला जवळचं वाटलं.

ज्यांची चित्रं काढली त्यांना ती आपली वाटावीत, ही पटवर्धनांची आस. समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शनही त्यांनी महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं. त्यांची स्वतःची चित्रं औंधच्या दालनात, रविवर्म्यांच्या शेजारी, निदान महिनाभर लागलेली मला बघायची आहेत.