ब्लॅकपूल, आई आणि 'हॅव यू एव्हर'

आईच्या इंग्रजीच्या वर्गात त्या आठवड्याचा गृहपाठ असा होता: अनोळखी माणसांना 'हॅव यू एव्हर'ने सुरू होणारे प्रश्न विचारून यायचे. विषय अम्युझमेंट पार्क. तुम्ही कधी रोलर कोस्टरमध्ये बसला आहात का, भुताच्या गाडीत कधी घाबरून ओरडला आहात का, नेमबाजीच्या स्टॉलवर कधी बक्षीस जिंकलं आहे का, असे प्रश्न एका कागदावर छापलेले आणि शेजारी उत्तरासाठी रेघा. आई उन्हाळ्यापुरती आमच्याकडे इंग्लंडमध्ये प्रेस्टनला आली होती. वाचनालयात बायकांसाठी फुकट वर्ग चालतो, त्यात मी तिचं नाव घातलं होतं. दुपारी घरात एकटीने बसावं लागू नये, एवढाच माझा हेतू. तिने मात्र एकदाही खाडा केला नाही.

गृहपाठासाठी ब्लॅकपूलला, म्हणजे समुद्रकाठच्या गावातल्या प्लेझर बीच या अम्युझमेंट पार्कला जाऊ या, हे तिनेच ठरवलं. प्रेस्टनहून ब्लॅकपूल साउथची गाडी पकडली की प्लेझर बीच नावाचं स्टेशनच आहे, पार्कला अगदी लागून. रस्ता कुणाला विचारावा लागत नाही.

जाण्याआधी 'हॅव यू एव्हर' ज्यात येतं त्या क्रियापदाच्या काळाबद्दल, प्रेझेंट परफेक्टबद्दल, थोडं बोलते, कारण त्यावरून माझा जुना राग आहे. शाळेत आम्हाला प्रेझेंट परफेक्ट फळ्यावर शिकवला. हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेंट, गॉन पाठ. वाक्यात 'जस्ट' किंवा 'ऑलरेडी' दिसलं की हॅव टाका. रिकाम्या जागा भरून मार्क मिळाले, पण माणसं हा काळ कशासाठी वापरतात ते कुणी सांगितलं नाही. मराठी मुलांना ते सांगायला एक तासही लागू नये. 'मी गोवा पाहिला आहे' असं आपण रोज बोलतो. कधी पाहिला, कुणाबरोबर पाहिला, हे त्यात येत नाही. पाहिलेला आहे, माझ्या गाठीला आहे, एवढंच. समोरच्याने 'कधी?' विचारलं की आपण म्हणतो, 'दहावीच्या सुट्टीत पाहिला.' 'आहे' आपोआप गळतं. इंग्रजीतही तसंच. फक्त आपल्याकडे 'मी कालच पाहिलाय' चालून जातं आणि इंग्रजीत तारीख आली की हॅवला जागा उरत नाही. त्यामुळे चांगली शिकलेली मराठी माणसंही 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' म्हणतात आणि त्यांना कुणी कारणासकट सांगत नाही.

आईच्या बाई कारण सांगतात. जत्रा, पाळणे, रोलर कोस्टर हा विषय त्यांनी मुद्दाम निवडला होता. वर्गात सोमालियाची, युक्रेनची, सिल्हेटची अशा सगळीकडच्या बायका. पण पाळण्यात बसलीस का, हे कुणीही कुणालाही विचारू शकतं. घराची, नवऱ्याची, कागदपत्रांची चौकशी त्यात येत नाही.

पण एक नियम आईला लागला होता. तिने वर्गात 'माय हजबंड हॅज नेव्हर सीन इंग्लंड' असं वाक्य केलं. बाईंनी हळूच विचारलं, मिस्टर कुठे असतात? आईने सांगितल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि मग वाक्य सुधारून दिलं: 'ही नेव्हर सॉ इंग्लंड.' हॅज जिवंत माणसासाठी. त्याच्या हातून अजून काही घडू शकतं, म्हणून त्याचा हिशेब उघडा असतो. गेलेल्याचा बंद. घरी येऊन आईने मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "खरंच असं असतं का गं?" असतं. मी हो म्हणाले.

ब्लॅकपूलचा दिवस इंग्लंडमधल्या उन्हाळ्यासारखाच निघाला: समुद्रावरून येणारा गार वारा, मधूनच भुरभुर, आणि चिप्सवर टपून बसलेले सीगल. मला गर्दी सोसत नाही आणि व्हिनेगर घातलेल्या चिप्स अजूनही आवडत नाहीत. पण या जागेबद्दल मला आदर आहे. १८९६ पासून इथे लोक मजा करायला येतात. सर हायरम मॅक्झिमचं फ्लाइंग मशीन नावाचा गोल फिरणारा पाळणा १९०४ चा, म्हणजे मॅक्झिम मशीनगनचा शोध लावला त्याच माणसाचा. ग्रँड नॅशनल हा लाकडी रोलर कोस्टर १९३५ चा; त्यात दोन गाड्यांची शर्यत लागते आणि डाव्या फलाटावरून सुटलेली गाडी परत येते ती उजव्या फलाटावर, कारण खाली रूळ एकच, सलग आहे.

मला बिग वनमध्ये बसायचं होतं. १९९४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा जगात त्याच्याएवढा उंच रोलर कोस्टर नव्हता. उंची ६५ मीटर. आईने माझी पर्स, दोघींचे रेनकोट आणि डब्याची पिशवी घेतली आणि खालच्या बाकड्यावर बसली. वर चढताना एका बाजूला राखाडी समुद्र दिसतो, मग काहीच दिसत नाही. एवढंच मला सांगता येईल.

खरी गोष्ट त्या बाकड्यावर घडत होती. मी उतरून आले तर आईच्या शेजारी एक गोऱ्या आजी बसलेल्या, मांडीवर नातवंडांच्या कोटांचा ढीग. आईने मला बघितलं आणि त्यांना ऐटीत म्हणाली, "नाऊ शी हॅज बीन." मी वर होते तेव्हा 'शी हॅज गॉन' होतं, खाली आले म्हणून 'बीन'. हा फरक मला कॉलेजातही नीट आला नव्हता.

आजी ओल्डहॅमच्या. आईने पहिला प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ओह, आय हॅव, लव्ह." आणि लगेच पुढे, "आय फर्स्ट केम इन फिफ्टी-फोर." आईने ते कागदावर लिहून घेतलं होतं आणि 'केम'खाली रेघ मारली होती. आधी हॅव, मग साल, साल आलं की हॅव गेलं. वर्गात सांगितलेलं बाहेरच्या माणसाच्या तोंडून जसंच्या तसं ऐकल्याचा तो आनंद होता.

चौपन्न साली त्या लहान होत्या आणि अख्ख्या गावाबरोबर आल्या होत्या. लँकशरच्या प्रत्येक गिरणगावाचा वर्षातला एक आठवडा ठरलेला असे, त्याला वेक्स वीक म्हणायचे. त्या आठवड्यात गिरण्या बंद, आणि गावंच्या गावं गाड्या भरून ब्लॅकपूलला. त्यांची आई सूतगिरणीत होती. हे ऐकल्यावर आईने कागद बाजूला ठेवला. "माय हजबंड ऑल्सो मिल. बॉम्बे. स्पिनिंग."

लालबागला आमच्या चाळीत भोंग्यावर दिवस चालायचा. बाबा सूत काढायच्या खात्यात होते. यंत्रावर ओल्डहॅमचं नाव असतं, हे ते सांगायचे; प्लॅट ब्रदर्सची यंत्रं ओल्डहॅमहून मुंबईच्या गिरण्यांमध्ये जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. आईला हे सगळं इंग्रजीत सांगायचं होतं. शब्द कमी पडत होते, मी मदतीला पुढे झाले, तर तिने मला हाताने थांबवलं. "ओल्डहॅम मशीन," ती म्हणाली, आणि बोटाने हवेत चाती फिरवून दाखवली. आजींना ते लगेच कळलं. त्यांच्या आईच्या हाताची तीच हालचाल त्यांनीही करून दाखवली. दोघी किती हसल्या!

मग आजी कोटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, नवऱ्याला उंची कधीच आवडत नाही. "हीज नेव्हर लाइक्ड हाइट्स. हीज ऑल्वेज हेल्ड द कोट्स." हीज, म्हणजे ही हॅज. तो खाली उभा राहून सगळ्यांचे कोट सांभाळायचा. आईने इकडेतिकडे बघितलं. "व्हेअर इज ही?"

आजी म्हणाल्या, तो गेल्या हिवाळ्यात गेला.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग आमच्या बाबांबद्दल सांगू लागली. माहीमच्या जत्रेत आम्ही आकाशपाळण्यात बसायचो आणि ते खाली आमच्या चपला आणि पिशव्या घेऊन उभे राहायचे. "ही नेव्हर सॅट. ही हेल्ड चप्पल्स." बाईंनी शिकवला तसा, बरोबर काळ. आजींनी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "दे ऑल डू, लव्ह."

थोड्या वेळाने त्यांची नातवंडं आली. आजींनी उठून सगळे कोट माझ्या मांडीवर ठेवले आणि आईला म्हणाल्या, चल, फ्लाइंग मशीन फार फिरत नाही, आपण बसू. आई माझ्याकडे न बघताच निघाली. एवढ्या गोऱ्या पोरांचे ओले कोट, दोन पर्स आणि आमचा डबा घेऊन मी तिथे बसले, आणि वर लटकणाऱ्या पाळण्यातून आईचा हिरवा पदर कार्डिगनखालून उडताना दिसत होता. परदेशात राहून मला इतकी वर्षं झाली. बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी मी इतकं कधी बोललेली नाही. इथली माणसं तुटक आहेत अशी तक्रार आम्ही भारतीय मंडळी एकमेकांत करतो. आईने छापील प्रश्न विचारला आणि एक बाई तिला हात धरून पाळण्यात घेऊन गेली.

परतीच्या गाडीत आईने तो विषय काढलाच. "त्यांनी हॅज कसं म्हटलं? तो तर गेला ना?"

मी म्हणाले, सवय असेल. इतक्या वर्षांचा संसार, जीभ एका हिवाळ्यात बदलत नाही. आईला ते पटलं, पण पुरेसं वाटलं नाही. तिला नियम खोटा ठरायला नको होता आणि आजीही चुकायला नको होत्या. माझंही तसंच आहे. बाईंनी तिला दुरुस्त केलं ते योग्यच केलं, कारण वर्गाबाहेर कुणी ते कारण सांगणार नव्हतं. आणि आजींना कुणी दुरुस्त करायला गेलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

कागदाच्या शेवटी आपल्या घरच्यांबद्दल दोन वाक्यं लिहायची होती. किर्कहॅम स्टेशन गेल्यावर आईने पेन मागितलं. पहिलं वाक्य: माय हजबंड नेव्हर सॅट इन बिग व्हील. दुसरं: आय हॅव बीन ऑन फ्लाइंग मशीन. मग कागद उलटून मागच्या कोऱ्या बाजूला तिसरं लिहिलं: द ओल्डहॅम लेडीज हजबंड हॅज ऑल्वेज हेल्ड द कोट्स.

मी वाचायला कागद घेतला तेव्हा ती म्हणाली, "वरची दोन तपास. खालच्याला हात लावू नकोस, ते त्यांचं आहे."