आंबट बघ गं

२६ डिसेंबर, रात्री उशिरा

आईनं परवा दुपारी मला इंद्यालाचं, म्हणजे व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या रश्श्याचं, आंबट बघायला सांगितलं आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. घडलं ते एवढंच. नाताळ छान झाला. सगळे पोटभर जेवले, कोणी रुसलं नाही, जागेचा विषय यंदाही कोणी काढला नाही. तरी सगळे झोपल्यावर मी लिहीत बसले आहे, कारण हे कोणाला सांगायला गेले तर "मग त्यात काय?" असंच ऐकावं लागेल. त्यात काय आहे ते मलाही धड कळलेलं नाही.

"आंबट बघ गं," एवढंच म्हणाली. डाव माझ्यापुढे धरलेला. आवाजात वेगळं काही नव्हतं, पदराला हात पुसत होती. मी चाखलं आणि म्हटलं, "थोडं कमी वाटतंय." तिनं व्हिनेगरची बाटली उचलली आणि ओतलं. "तुला काय कळतं" नाही, "उद्या बघ कसं उतरतं" नाही, काहीच नाही. ओतलं, ढवळलं, झाकण ठेवलं.

आमच्या घरात नाताळचं रांधलेलं कोणी चाखत नाही. आजीच्या काळात २४ डिसेंबर हा उपासाचा, मांस वर्ज्य असण्याचा दिवस. चुलीवर डुकराचं मांस शिजतंय आणि ते शिजवणारीला जिभेवर घेता येत नाही, अशी गत. पुढे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६० च्या दशकात हे नियम सैल झाले, पण ती बातमी आजीच्या चुलीपर्यंत पोचली नाही. पोचली असली तरी तिनं ती मनावर घेतली नाही. चर्चमधली रात्रीची प्रार्थना, मिस्सा, झाल्याशिवाय नाताळचं काही तोंडात घालायचं नाही, ही तिची आज्ञा, आणि आईनं ती लग्न होऊन आल्यापासून पाळली. त्यामुळे दोघींनी आयुष्यभर इंद्याल नाकानं रांधलं. व्हिनेगरचा वास नाकातून डोळ्यांत चढायचा थांबला की आंबट बसलं. लसणाचा कच्चा वास गेला की मसाला शिजला. तेल कडेनं सुटून त्याला तांबूस तकाकी आली की टोप उतरवायचा. मीठ आधीच, मांसाला चोळताना, हाताच्या अंदाजानं.

म्हणून ते वाक्य इतकं लागलं. तिनं मला विचारलं, हे एक. मिस्सेच्या आधी विचारलं, हे दुसरं. आणि मी जे सांगितलं ते तिनं मानलं.

आता वाटतं, खुणा केव्हापासूनच दिसत होत्या. पावसाळ्यात मी सोनचाफ्याची फुलं तिच्या ओंजळीत दिली तर म्हणाली, "किती पिवळी आहेत." वास घेतला नाही. ऑक्टोबरात दूध उतू जाऊन करपलं, आणि ती शेजारच्याच खोलीत शांतपणे भाजी निवडत बसलेली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वयानं होतं, काही गोळ्यांनीही होतं. भावाला सांगितलं तर म्हणाला, बघू. तो विषय तिथेच राहिला.

मला नक्की काय बोचतंय? आई म्हातारी होतेय, हे काल-परवा कळलेलं नाही. तिचे गुडघे, तिचा चष्मा, पायऱ्या उतरताना तिनं धरलेला माझा खांदा, याची मला सवय झाली आहे. त्या आधाराचं मला कधी ओझं वाटलं नाही. मग एका डावभर रश्श्याचं का वाटावं? मला राग आलाय का? थोडा आलाय. तिनं भावाला विचारलं नसतं, वहिनीला विचारलं नसतं, कारण वहिनी सुट्टी नसल्यामुळे रात्री थेट चर्चलाच आली. बहीण कॅनडात. म्हणजे मी तिथे होते म्हणून मला विचारलं. निवड नव्हती त्यात. हे लिहिताना कळतंय की यानंच मी जास्त दुखावले आहे, आणि तसं वाटावं याचंही वाईट वाटतंय.

पण नाही, रागही खरा नाही. भीती आहे. तिनं माझं ऐकलं, याची भीती.

काल जेवायला तेवीस-चोवीस माणसं. पहिल्या पंगतीत मुलं. फुग्या आम्ही दोघींनी मिळून तळल्या. पीठ मैद्याचं, अंडी आणि नारळाचं दूध घातलेलं. पूर्वी ताडी घालायचे, आता यीस्ट. ते इतकं सैल असतं की मुठीत धरून अंगठ्याच्या बेचक्यातून एकेक गोळा तेलात सोडावा लागतो, आणि तेल बरोबर तापलं असेल तर तो फुगून स्वतःच उलटतो. हे काम आईचे हात अजून माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं करतात. तिथे तिला कोणाला काही विचारावं लागत नाही. ते पाहून मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम हळू तळत राहिले, म्हणजे ती पुढे जाईल.

इंद्याल, फुग्या, सरपोतेल, कोंबडीचा रस्सा, आजीच्या पद्धतीचं सांदण, पुलाव. भाची यंदा मांस खात नाही, म्हणून तिच्यासाठी वालाची भाजी. भाचा शाळेतून काहीतरी प्रकल्प घेऊन आला होता. त्यानं भर जेवणात विचारलं, आपण हे कधीपासून खातो? भावाला तेवढंच हवं होतं. पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई आली १५३४ साली, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला १७३९ साली, मधली दोनशे वर्षं ते इथे होते. मांस व्हिनेगर-लसणात मुरवायची रीत त्यांची, आणि मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आली, असं सगळं त्यानं पानावर बोटानं नकाशा काढून सांगितलं. मुलं ऐकत होती. मग भाच्यानं आईला विचारलं, "आजी, तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "सासूनं. सांडोरला माझ्या माहेरी जिरं जास्त घालायचे. इथे आले तेव्हा सासू म्हणाली, आपल्याकडे एवढं नाही घालत. मग मी कमी केलं."

एवढं साधं. कमी केलं. माहेरची चव सोडायला तिला किती दिवस लागले असतील, कोणाजवळ ती रडली असेल का, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. कालही विचारलं नाही, कारण तेवढ्यात कोणीतरी सरबत सांडलं.

आणि जेवताना सगळ्यांनी म्हटलं, तीच चव. भाऊ म्हणाला, "आईच्या हाताला तोड नाही." काकी म्हणाल्या, "दरवर्षीसारखंच झालंय." आईनं मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पान पुढे करून बसले होते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या चवीत मी होते. कोणाला माहीत नव्हतं. मला कौतुक नको होतं, शपथेवर सांगते. पण एवढ्या माणसांत ही एक गोष्ट फक्त मला आणि तिला माहीत आहे, आणि ती त्याबद्दल कधी बोलणार नाही, हे फार एकटं वाटलं. पुढच्या वर्षी आंबट मी बघायचं. त्याच्या पुढच्या वर्षी मीठही मीच बघायचं. आणि मग एके दिवशी हे सगळेच्या सगळे माझ्याकडे बघून म्हणतील, दरवर्षीसारखं नाही झालं. मला हे नको आहे. रात्री भांडी घासताना मी खरोखर हे मोठ्यानं बोलले, नळाच्या आवाजात.

बाबांचं पान आईनं याही वर्षी वाढलं. त्याबद्दल नको लिहायला.

आज सकाळी मी कुस्वारची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं घेऊन वाडीत फिरले. कलकल, नेवऱ्या, खजुराचे रोल, पेरूचं चीज आणि थोडी सुकेळी. सुकेळी आता फार थोड्या घरांत करतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज राखत बसायचं, इतका वेळ आहे कोणाला? आई दरवर्षी नंदाखालच्या एका घरातून मागवते आणि ताटात मधोमध ठेवते, केकच्याही आधी. पलीकडच्या काकूंनी ताट घेतलं आणि नेहमीप्रमाणे त्यात साखर घालून परत दिलं. दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या-करंज्या येतात तेव्हा आई हेच करते. त्यांची आणि आमची बोली एकच, देव्हारे वेगळे. काकू म्हणाल्या, "कलकल यंदा तू केल्यास वाटतं. कंगव्याची रेघ खोल आहे." मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "तुझी आई काट्यावर वळायची, तिची रेघ बारीक असते." आणि एक तोंडात टाकून पुढे म्हणाल्या, "छान झालेत गं, खुसखुशीत."

वाटेत थांबून मी ते मनात पुन्हा ऐकलं. त्यांना कळलं होतं की हात बदलला आहे. त्यांनी सांगितलं, आणि खाल्लं. काही कोसळलं नाही.

दुपारी राहिलेलं इंद्याल गरम केलं. इंद्याल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरं लागतं, मांसाच्या आत आंबट-तिखट शिरायला तेवढा वेळ लागतोच. आम्ही दोघीच होतो. शिळ्या फुग्या तव्यावर परतून घेतल्या. आई सावकाश खात होती. मी तिला विचारणार नव्हते, पण विचारलंच, "चव लागते का गं तुला?" ती म्हणाली, "तिखट लागतं. आंबट लागतं, पण किती ते कळत नाही. गोड कळतं. वास नाही येत, बरेच महिने." मग म्हणाली, "पहिल्यांदा वाटलं व्हिनेगरच फिकं निघालं. दुकानदाराला बोलणार होते." आणि हसली. मला हसू आलं नाही, मग थोडं आलं.

मी म्हटलं, "मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं ना परवा."

मला ते सांगणं वाटलंच नव्हतं. मी दोन दिवस त्याच्याकडे आज्ञा म्हणून बघत होते, जबाबदारी म्हणून बघत होते, आणि तिनं तर तिच्या पद्धतीनं दुखणं सांगितलं होतं. या घरात दुखणं असंच सांगतात. आजीनं डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा सुईत दोरा ओवायला दिला होता, आईला.

भीती गेली नाही, आता लिहितानाही आहे. तिनं माझ्या जिभेवर विश्वास ठेवला आणि माझी जीभ तिची नाही, आजीची तर नाहीच. पण आईची तरी आजीची कुठे होती? ती जिरं जास्तवाली होती. तिनं कमी केलं आणि बाकीचं स्वतःच्या नाकानं ठरवलं, आणि आम्ही सगळे आयुष्यभर त्यालाच आजीची चव म्हणत आलो. हे मला आज दुपारी फुगी खाताना सुचलं आणि थोडं मोकळं वाटलं. पूर्ण नाही.

खरी अडचण मे महिन्यात आहे. बाटली मसाला, बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचा. धणे, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ, नागकेशर, दगडफूल, तिरफळ, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि प्रत्येकाचा उतरवायचा क्षण वासावर ठरतो. काश्मिरी मिरची क्षणभर जास्त राहिली तर वर्षभराचा मसाला कडू. तिथे चाखून काही कळत नाही, तिथे नाकच लागतं. मी तिला म्हटलं, या वेळी मी भाजते, तू समोर बस. ती म्हणाली, "तीळ तडतडायला लागले की मोजायचं, मला ऐकू येतं अजून. खसखशीचा रंग मी बघेन. मिरचीचं तू बघ." म्हणजे तिनं वाटणी आधीच करून ठेवली होती.

रजेचा अर्ज जानेवारीतच टाकायला हवा, मेमध्ये ऑफिसात सगळ्यांनाच रजा हवी असते. नागकेशर आधी आणून ठेवायचं, ऐन वेळी चांगलं मिळत नाही. बाटल्या काळ्या काचेच्याच हव्यात. भावाला सांगायचं, यंदा फेकू नकोस.