टर्बो घरी बदलला, आणि मग ऑइल गळायला लागलं

आज सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम केलं ते म्हणजे रात्री ट्रकखाली पसरून ठेवलेले पेपर ओढून बघितले. कोरडे. एक थेंब नाही. गेले बारा दिवस तिथं काळे डागच बघतोय त्यामुळे दोनदा उलटून बघितले, मग अण्णांना हाक मारली.

आमची सहाचाकी आहे, २०१२ ची, अण्णांनी जुनी घेतलेली. सांगलीतनं हळद घेऊन वाशीला जाते आणि येताना मिळेल तो माल. दिवाळीनंतर तिचा पिकअप गेला. खंबाटकी घाट आपल्याला पुण्याकडनं येताना चढावा लागतो, जाताना बोगदा आहे, तर त्या चढाला तिसऱ्यात जाणारी गाडी दुसऱ्यात सुद्धा रडायला लागली, मागनं काळा धूर आणि टर्बोतनं, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्यातनं, सायरनसारखी शिट्टी. घरी आल्यावर एअर क्लिनरचा होज काढून टर्बोचं पुढचं पात्यांचं चाक बोटानं हलवलं तर सरळ बॉडीला लागत होतं, पात्यांच्या कडा घासून चकचकीत झालेल्या. शाफ्ट जरासा वरखाली हलतो ते चालतं, कारण आतले बुश ऑइलच्या थरावर तरंगतात, पण चाक बॉडीला घासलं म्हणजे विषय संपला.

नवा टर्बो आणला आणि बसवायचा मीच असं ठरवलं. आयटीआयला डिझेल मेकॅनिकच केलंय मी, पुढं स्टिअरिंग हातात आलं आणि पाने बाजूला पडले. आणि ही गाडी आमच्या घराची भाकरी आहे, तिच्या पोटात काय चाललंय ते मला स्वतःला कळलं पाहिजे असं मला फार वाटतं.

जुना काढण्यात दीड दिवस गेला, मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून टर्बोत सोडणाऱ्या भागाचे, नट गंजून स्टडला धरलेले. बसवताना मात्र घाई केली नाही. नवा टर्बो कोरडा कधी चालू करायचा नाही हे डोक्यात पक्कं होतं, शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो, पहिल्या काही सेकंदांत ऑइल पोचलं नाही तर नवा कोरा टर्बो तिथंच खराब. म्हणून वरच्या भोकातनं स्वच्छ ऑइल ओतून चाक हातानं फिरवून घेतलं, मग डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला, ऑइलचं प्रेशर आल्यावरच इंजिन चालू केलं. आवाज एकदम गोड. रिकामी गाडी घेऊन मिरजेहून पेठ नाक्यापर्यंत जाऊन आलो, पिकअप पहिल्यासारखा, आणि दारात उभी केली तर बॉनटच्या फटीतनं धूर आणि खाली टप टप ऑइल.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चढाला पाचसहाशे डिग्रीच्या वर तापतं, त्याच्यावर ऑइल पडत असेल तर गाडी पेटू शकते, म्हणून तिथंच ठरवलं की हे बरं होईपर्यंत माल भरायचा नाही. हळदीचे ऐन सीझनचे दिवस, दोन फेऱ्या गेल्या, पण त्याला इलाज नव्हता.

गळती शोधायची म्हणजे आधी धुवायची. ऑइल वरनं खाली येतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं उडतं, त्यामुळे जिथं ओलं दिसतं तिथंच भोक असेल असं नाही. डिझेल आणि ब्रशनं सगळी बाजू धुतली, हवा मारून कोरडी केली, आणि टर्बोवर आणि पायपांवर आईची टाल्कम पावडर शिंपडली. मग इंजिन दहा मिनिटं आयडलला आणि मी बॅटरी घेऊन शेजारी. पांढऱ्या पावडरीत ओला ओघळ लगेच दिसतो, आणि तो सुरू होत होता टर्बोत ऑइल नेणाऱ्या वरच्या फीड पाइपच्या बँजो बोल्टपासनं, म्हणजे तो पाइप टर्बोला धरून ठेवणाऱ्या बोल्टपासनं.

इथं चूक स्पष्ट होती, तांब्याचे वायसर मी जुनेच लावलेले. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. आधी मी बोल्ट अजून आवळून बघितला, तसं कुणी करू नका, बँजो बोल्ट आतनं पोकळ असतो, तुटला तर अर्धा तुकडा आत अडकून बसतो. नवे दोन वायसर आणले, एक पाइपच्या वर आणि एक खाली. नवे मिळत नसतील तर जुना वायसर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की परत मऊ पडतो, हे जुन्या ड्रायव्हर लोकांना सगळ्यांना माहिती आहे.

बाहेरनं टर्बो कोरडा झाला. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास चालवली तर सायलेन्सरमधनं निळसर धूर आणि टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणाऱ्या होजच्या क्लिपपाशी ऑइलचा थेंब लोंबतोय. होज काढला तर आत ऑइल. आता हे बघून ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, टर्बोचं सील गेलं, टर्बोच डिफेक्टिव्ह आलाय, परत कर. मीही गाडीवरनं काढायलाच निघालो होतो, पण अण्णा म्हणाले आधी चाचांना दाखव.

चाचा आमच्याकडचे जुने फिटर, आता गॅरेज मुलाकडं दिलंय, दुपारी बाकड्यावर बसून असतात. मी म्हटलं चाचा सील गेलंय. ते म्हणाले, "बेटा, टर्बोत रबरी सील असतंय का कुठं? पिस्टनच्या रिंगसारखी बारीक रिंग असतीय नुसती. ऑइल आत कसं जातंय ते सगळे बघतात, परत कसं येतंय ते बघितलंस का?"

ह्या एका प्रश्नावर मी बारा दिवसांतले आठ दिवस वाचवू शकलो असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फीड पाइप पेन्सिलीएवढा बारीक असतो कारण त्यात ऑइल पंपाच्या प्रेशरनं येतं. पण शाफ्टवर घुसळून ते बाहेर पडतं तेव्हा ताकासारखं फेसाळलेलं असतं आणि त्याच्यामागं प्रेशर काहीच नसतं, नुसतं आपल्या वजनानं खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइलच्या टाकीत, पडायचं असतं. म्हणून खालचा ड्रेन पाइप अंगठ्यापेक्षा जाड असतो, आणि तो जवळजवळ उभा पाहिजे, उभ्या रेषेपासनं ३५ अंशांच्या वर कलायला नको, मधे पोट पडायला नको. ती वाट तुंबली की ऑइल टर्बोच्या पोटात साठतं आणि मग ती बारीक रिंग त्याला अडवू शकत नाही, रिंगचं काम दोन्हीकडच्या हवेच्या दाबाच्या भरवशावर चालतं. नव्या टर्बोतनं सुद्धा ऑइल बाहेर येणारच.

चाचांनी सांगितल्याप्रमाणे ड्रेन पाइप काढला. वरच्या फ्लँजला मी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेलं, गळू नये म्हणून भरपूर, आणि ते बोल्ट आवळल्यावर आतल्या बाजूला येऊन त्याची जाड कडा झालेली, भोक जवळजवळ निम्मं बुजलेलं. बघून पोटात गोळा आला. शिवाय खालचा रबरी होज जुना फुगलेला म्हणून मी दुकानातनं साधा पाण्याचा होज कापून लावला होता, तो गरम ऑइलनं मऊ पडून इंजिन माउंटिंगपाशी मुरगळला होता. आणि तिसरं म्हणजे गळतंय गळतंय म्हणून मी ऑइल वरनं ओतत राहिलो, ऑइल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही बोटभर वर. चेंबरमधली लेव्हल एवढी चढली तर वरनं येणाऱ्याला उतरायला जागा कुठं राहते.

एकदाच ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी नळी, पण बघून घेतला, तो चोंदला तर चेंबरमध्ये गॅसचं प्रेशर साठतं आणि तेच ऑइलला खालनं अडवतं. तो मोकळा होता, ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचे फटके येत नव्हते, म्हणजे इंजिनच्या रिंगा शाबूत. तिथं फार मोठा श्वास सोडला.

सिलिकॉन सगळं प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, कण आत पडू नये म्हणून भोकात कापडाचा बोळा घालून, आणि बोळा काढल्याचं अण्णांकडनं दोनदा बघून घेतलं. नवं पत्र्याचं पॅकिंग कोरडंच लावलं. होज ऑइलला चालणारा, योग्य मापाचा, सरळ खाली. ऑइल काढून लेव्हल दोन्ही खुणांच्या मधे आणली.

इंटरकूलर तसाच ठेवून गाडी चालू करायची नाही, हे तर मी हात जोडून सांगतो. डिझेल इंजिन ऑइलवर सुद्धा चालतं, आत साठलेलं ऑइल हवेबरोबर ओढलं गेलं तर इंजिन आपोआप रेस घेत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. तेव्हा हवेची वाट बुजवणं हाच खात्रीचा उपाय, आणि हातानं तर अजिबात नाही. मी इंटरकूलर उतरवून उपडा टांगला तर पाऊण लिटर ऑइल निघालं. धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला, हवा मारली, होज आतनं पुसले, मगच बसवला.

काल अर्धी गाडी भरून कराडपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर दोनतीन मिनिटं आयडलला ठेवूनच बंद केली, गरम टर्बोत ऑइल एकदम थांबलं तर तिथंच जळून कोळसा होतो. निळा धूर नाही, होज कोरडा. अण्णांनी बॉनट उघडून ड्रेनच्या फ्लँजखालनं बोट फिरवलं, बोट धोतराला पुसलं, आणि धोतरावर डाग उठला नाही.

संध्याकाळी चाचांकडं पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, मॅनिफोल्डचे नट गरम होऊन थंड झाल्यावर परत आवळलेस का. नव्हते आवळले. आता तेच करायला चाललोय, परवा पहाटे हळद भरायची आहे.