बाही दुमडण्यापूर्वी

आमच्या कुत्रीला, ठमीला, पाण्याची भीती वाटत नाही, हे समजायला मला दोन वर्षे लागली. पावसाळ्यात गच्चीवर साचलेल्या पाण्यात ती खुशाल उभी राहते, कुंडीखालच्या ताटलीतले गढूळ पाणी चवीने पिते. आणि तरीही रविवारी सकाळी मी दोरीवरचा तिचा जुना पंचा ओढला, की पलंगाखालच्या अगदी आतल्या कोपऱ्यात जाऊन बसते. पुढे पुढे तर पंच्यापर्यंतही जावे लागेना. मी बाही दुमडली, एवढे तिला पुरू लागले.

ठमी गावठी, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यावरून घरी आलेली. त्याआधीचे तिचे सहा-सात महिने कसे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. मात्र दारासमोर बसलेल्या कुत्र्याला उठवण्यासाठी त्याच्या अंगावर बादली रिकामी करण्याची आपल्याकडची रीत पाहता, तिला भय वाटते ते पाण्याचे नसून पाणी हातात घेतलेल्या माणसाचे असावे, असा माझा तर्क आहे. तो माणूस दर रविवारी मीच होत असे.

त्यात आमचे न्हाणीघर. गुळगुळीत फरशीवर साबणाचे पाणी पसरले की तिचे चारही पाय चार दिशांना जात, आणि ती घसरू नये म्हणून मी जितके घट्ट धरत असे तितकी ती अधिक धडपडत असे. शिवाय रिकाम्या बादलीत धो धो पडणारा नळ. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे. तेव्हा चार भिंतींत घुमणारा तो नळ तिच्या कानांना कसा वाटत असेल, याचा विचार मी नळ सोडताना कधी केला नव्हता. ती वारंवार जांभया देई, नाक चाटी, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे पाही, आणि मी आईला कौतुकाने सांगत असे की ठमी आता सरावली, बघ कशी कंटाळून जांभया देते आहे. कुत्रे घाबरल्यावरही जांभई देते, हे मला पशुवैद्यांनी सांगितले तेव्हा त्या सगळ्या जांभया एकदम आठवल्या आणि फार ओशाळल्यासारखे झाले.

मार्ग काढला तो आईने. आयुष्यात अनेक तान्ह्या बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घातलेल्या तिला माझी पद्धत मुळातच पसंत नव्हती. "अगं, पहिला तांब्या कोणी डोक्यावर ओततं का? आधी पायांवर घाल, हात फिरव, अंगाला कळू दे," असे म्हणून तिने ठमीची अंघोळ थेट गच्चीवर, कोवळ्या उन्हात नेली. पायांखाली ओले गोणपाट अंथरले, कारण त्यावर नखे रुततात. पाणी खालीच कोमट करून बादली भरून वर आणायची आणि तांब्या अंगाला टेकवूनच रिता करायचा, म्हणजे धारेचा आवाज होत नाही. डोक्यावर पाणी मुळीच नाही. तोंड शेवटी ओल्या फडक्याने पुसायचे. शिकेकाईचा आईचा आग्रह तेवढा मी मानला नाही. माणसाच्या त्वचेचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, साधारण ५.५ असतो आणि कुत्र्याचा ७ च्या आसपास, म्हणून ठमीचा शॅम्पू वेगळा, असे मी तिला समजावले. त्यावर "असेल बाई" एवढेच उत्तर मिळाले.

ठमीचे केस आखूड असल्याने विंचरण्याचे काम थोडे. खरा वेळ जातो तो गोचिडी शोधण्यात. कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत त्या लपून बसतात, आणि चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढल्या नाहीत तर तोंड आतच राहते. हे मात्र ठमी विनातक्रार करून घेते, किंबहुना दुसरा कान स्वतःहून पुढे करते. ज्या हाताला ती शनिवारी कान देते त्याच हाताला रविवारी भीत होती, हे माझ्या मनाला बरेच दिवस लागून राहिले होते.

आता गच्चीच्या जिन्यापर्यंत ती आपण होऊन येते. वर येताना शेपूट अजून पायांत असते, पण थरथर थांबली आहे. मीही बाह्या वर गेल्यावरच दुमडते.

नखांचे प्रकरण तेवढे बाकी आहे. नखे काळी असल्याने आतली रक्तवाहिनी कोठे संपते ते बाहेरून दिसत नाही, आणि एकदा माझा हात पुढे गेला. रक्त फारसे आले नाही, पण तेव्हापासून नखे कापायच्या कात्रीचा नुसता आवाज झाला तरी पलंगाखालचा कोपरा गाठला जातो. म्हणून महिनाभर मी रोज ती कात्री तिच्यासमोर हवेतच वाजवते आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा देते. काल पहिल्यांदा तिने पंजा मागे घेतला नाही. दोन नखे झाली. सोळा राहिली आहेत.