रात्रपाळीनंतर
"सिस्टर, भिंतीवरच्या मुंग्या झाडा ना!" काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मुंग्या नव्हत्याच. पाय मोडून ॲडमिट झालेले, दारू सुटून तिसरा दिवस. शेवटच्या घोटानंतर ४८ ते ७२ तासांत असा भ्रम होऊ शकतो, वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. आणि शेजारच्या खाटेवरून आवाज, "बेवडा आहे, नाटकं करतोय." आमच्यातलंही कुणीतरी तेच म्हणालं, ते जास्त लागलं. डॉक्टरांना बोलावलं. आधी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मग ग्लुकोज, आणि शांत करणारं औषध लोराझेपाम. हात बांधू दिले नाहीत, दिवा चालू ठेवून जवळ बसले. पहाटे घामाने भिजलेला सदरा बदलताना काका हळूच म्हणाले, "पोरीला सांगू नका हं." मनगटावर अजून त्यांच्या बोटांचे वळ आहेत.