काळं विमान

"काका, विमानखात्यात कधी नोकरी नाही केलीत, मग जुना फोटो बघून विमान कुठलं ते कसं सांगता?" दांडिया बाजारात भाजी घेतानासुद्धा मला हे विचारतात. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मला विमानं कळतात असं नाही, फोटो कळतो. रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. लोकांचे पणजोबा साफसूफ करून द्यायचे, हा धंदा. त्यात मधूनच एखादं विमान यायचं.

बडोद्यात विमानाचा फोटो येतो तो नाव घेऊनच येतो. पंख वर आणि खाली बंद केबिन असली की 'टाटांचं विमान'. जे. आर. डी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले ते 'पस मॉथ', नोंदणीची अक्षरं व्हीटी-एडीएन. ते बनवणाऱ्या 'डी हॅविलंड' कंपनीचंच 'लेपर्ड मॉथ' लांबून तसंच दिसतं, पण त्याचा पंख टोकाकडे निमुळता होतो, आणि ते पहिल्यांदा उडालंच १९३३ मध्ये, म्हणजे त्या टपालानंतर. बाकी सगळी विमानं 'स्पिटफायर', म्हणजे महायुद्धातलं ब्रिटिशांचं लढाऊ विमान. कारण 'बडोदा स्क्वाड्रन' हे शब्द कानावर पडलेले असतात. ती ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी खरी, स्पिटफायर उडवत होती हेही खरं. पण गायकवाड सरकारच्या देणगीमुळे बडोद्याचं नुसतं नाव लागलं. तुकडी उभी राहिली ती १९४१ मध्ये स्कॉटलंडात.

म्हणून मी विमान शेवटी बघतो. आधी बघतो माणसांचे कोट. वरचा खिसा घालणाऱ्याच्या उजव्या छातीवर दिसला की समजावं, निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली आहे. आपल्याकडच्या विमानांच्या अक्षरांत ही फसगत हमखास होते, कारण व्ही, टी आणि ए ही तिन्ही इंग्रजी अक्षरं आरशातही तशीच दिसतात. मीही एकदा उलट्या फोटोतली अक्षरं दोन दिवस शोधत बसलो होतो.

त्यानंतर रंग. इथे भलेभले चुकतात. जुनी ऑर्थो फिल्म लाल रंगाला आंधळी. म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता यायची. तिच्यावर लाल काळा पडतो, निळा फिकट होतो, आणि पिवळा इतका गडद उतरतो की पाहणारा काळाच म्हणेल.

चार वर्षांपूर्वी एक मुलगी आजीला घेऊन आली. फोटोत तिचे आजोबा, काळ्या विमानाला टेकून उभे. जोधपूर, दुसऱ्या महायुद्धाचा काळ. ते तिथे मेकॅनिक होते. घरात सगळे म्हणायचे स्पिटफायर. फोटोतल्या विमानाला दोन मजली पंख होते, स्पिटफायरला एकच मजला, तेव्हा ते तिथेच बाद. उरली दोन नावं, 'जिप्सी मॉथ' आणि 'टायगर मॉथ'. जिप्सीच्या इंजिनाची डोकी नाकावर वर निघालेली असतात. टायगरचं इंजिन उलटं टांगलेलं, त्यामुळे नाक वरून साफ आणि उतरतं. पण नेमकं नाकासमोर आजोबांचं डोकं! मग पंख पाहिले. टायगरमध्ये पुढच्या माणसाला पॅराशूटसकट बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, आणि त्यामुळे बिघडलेला तोल सावरायला पंखांची टोकं मागे झुकवली. फोटोतला पंख मागे झुकलेला होता. टायगर मॉथ. जोधपूरला तेव्हा वैमानिक शिकवायची शाळा होती, तेही जुळलं.

मग मी आजोबांचे ओठ पाहिले. काळे कुळकुळीत. आभाळ कोरं पांढरं. विमानावरच्या गोल खुणेत बाहेरचं निळं कडं फिकट आणि मधला लाल ठिपका काळा. म्हणजे ऑर्थो फिल्म. आणि शिकाऊ विमानांचा ठरलेला रंग पिवळा.

"आजी, विमान पिवळं होतं," मी म्हटलं.

"काही सांगू नका. काळंच होतं. मी पाहिलंय."

"कुठे पाहिलंत?"

"इथेच की," असं म्हणून त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

नातीला हसू आवरेना. स्पिटफायर गेल्याचं आजींना काहीच वाटलं नव्हतं, रंगावर मात्र त्या अडून बसल्या. मी दोन प्रती केल्या. एक जशीच्या तशी, दुसरीत विमानाला हाताने पिवळा रंग दिला. पैसे एकीचेच घेतले. दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेलो तेव्हा भिंतीवर काळं विमान होतं. पिवळं नातीच्या खोलीत आहे म्हणे.