बुबुळावरची बुरशी आणि बुरशीचे सोंग

भातकापणीच्या हंगामात पालघर-डहाणूकडून मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांची हकीकत बहुधा एकच असते: कापताना डोळ्यात कुसळ उडाले, मेडिकलवाल्याने थेंब दिले, दोन दिवस बरे वाटले आणि मग दिसेनासे झाले. हे बरे वाटणेच घातक असते, कारण त्या थेंबांत अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने लाली ओसरते, पण बुबुळावर (कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) रुजलेल्या बुरशीला मोकळे रान मिळते.

स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) करडी, कोरडी, पिसासारख्या कडांची जखम आणि तिच्याभोवती सुटे ठिपके दिसले की फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस या बुरशींचा संशय येतो. तरीही, नुसत्या दिसण्यावर औषध सुरू करणे मला पटत नाही. डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा व तळाचा भाग खरवडायचा, काचपट्टीवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, की थोड्याच वेळात सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखायला, मात्र कित्येक दिवस लागतात. तंतुमय बुरशीवर 5 टक्के नॅटामायसिन हे आजही पहिले औषध आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातील रुग्णांवरच्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियममध्ये. खोलवर मात्र ते नीट झिरपत नाही.

खरी परीक्षा घेतो तो पिथियम. काचपट्टीवर त्याचे रुंद, क्वचितच आडपडदे असलेले तंतू हुबेहूब बुरशीसारखे दिसतात, पण तो बुरशी नाही, वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव आहे. नॅटामायसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या ज्या एर्गोस्टेरॉल या मेदघटकाला पकडते ते त्याच्या पेशीपटलात जवळजवळ नसतेच, त्यामुळे तासातासाला थेंब घालूनही जखम पसरत राहते आणि आपण उगाच मात्रा वाढवत बसतो. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असल्याने आयोडीन व सल्फ्युरिक आम्लाच्या रंजनात त्याचे तंतू निळसर-काळे होतात. ही स्वस्त चाचणी आपल्याकडच्या अधिकाधिक प्रयोगशाळांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पीसीआर ही जनुकीय चाचणी सगळीकडे कुठून आणणार?

पिथियमचे निदान पक्के झाल्यावर लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके देतात. तरीही बऱ्याच रुग्णांना बुबुळाचे प्रत्यारोपण करावेच लागते, आणि तेव्हा जखमेभोवतीचा किमान एक मिलिमीटर निरोगी भाग सोबत काढावा लागतो, नाहीतर नव्या बुबुळाच्या कडेला तेच तंतू पुन्हा उगवतात.